मागं काय वाजतंय

जुन्या पिकअपला आवाज असायचेच. आमच्या गाडीचा फाळका वाजतो, ड्रायव्हरच्या बाजूची काच खड्ड्यात खुळखुळते, सीटखाली टॉमी आणि जॅक एकमेकांवर आपटतात, हौद्याच्या पत्र्याचं एक वेल्डिंग सुटलंय ते किणकिणत राहतं. घरातल्या माणसांच्या खोकल्यासारखे हे आवाज ओळखीचे. रात्री कोण खोकलं ते दिवा न लावता कळतं, तसं कुठल्या खड्ड्यात काय वाजलं ते न बघता कळतं. म्हणून एखादा परका आवाज आला की कान लगेच टवकारतात.

गाडी आम्ही २०१६ साली जुनी घेतली, मॉडेल २००९ चं. आधीच्या मालकाचा खडी-वाळूचा धंदा होता. त्यानं मागच्या स्प्रिंगमध्ये दोन्ही अंगांना एकेक पाटा वाढवून घेतला होता. दलालानं ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "कितीबी भरा, गाडी बसायची नाय. पाटा वाढीव हाय मागं." आमचा जुन्नर तालुका टोमॅटोचा. कुकडीचं पाणी फिरलं तसं टोमॅटोचं पीक फिरलं. नारायणगावचा बाजार हाताशी, आणि तिथं भाव पडला की आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणचा बाजार गाठायचा. वीस-बावीस किलोचं एक कॅरेट, अशी ६० कॅरेटं मागं रचली की गाडी जडावते.

तीन वर्षांमागं ऐन तोडणीत आवाज सुरू झाला. एकच, ठक्. गाडी सरळ चालत असली की काही नाही. निघाली की ठक्, मग पुढं कुठंतरी परत एक ठक्. बसलेल्याला वाटायचं, गिअरच्या दांड्याखाली कुणी लाकडी हातोडीनं पत्र्याला टोला देतंय. गाडी थोरला चालवतो. तो म्हणाला, "अण्णा, खाली काय तरी ढिलं झालंय."

गावात गाडीचा आवाज सांगितला की जो तो वैद्य होतो. पारावर एकजण म्हणाला, शाफ्टचा क्रॉस गेला. दुसरा म्हणाला, शॉकअपचे बुश खाल्ले असतील. तिसऱ्याच्या मते इंजिनाचं फाउंडेशन तुटलं होतं. चौथा म्हणाला, "टेप मोठा लाव, काय ऐकू येनार नाय."

पहिल्या मिस्त्रीनं प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बदलला. जुना क्रॉस खरोखरच झिजला होता, त्यातल्या बारीक सुया गंजून लाल पडल्या होत्या. पैसे वाया गेले असं म्हणता येत नव्हतं. पण गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, चार पावलं गेली, ठक्. दुसऱ्यानं शॉकअपचे रबरी बुश टाकले. खड्ड्यातला दणका कमी झाला, ठक् जागच्या जागी. तिसरा मोठ्या गॅरेजचा. त्यानं खाली शिरून शाफ्ट हातात धरला, मागंपुढं फिरवून दाखवला आणि म्हणाला, "हे बघा, क्राऊन-पिनियनमध्ये प्ले आलाय. डिफ्रेन्शियल उघडायला लागंल. तीस-पस्तीस हजार धरून चाला. उघडल्यावर आणखी काय निघंल ते आत्ता सांगता येत नाय."

तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. गाडी निघताना ठक् होणं हे डिफ्रेन्शियलचंही लक्षण असतं, आणि जुन्या गाडीत थोडा प्ले निघतोच. पण त्या दिवसांत कॅरेटला दीडशे रुपये मिळत होते. पस्तीस हजार म्हणजे सव्वादोनशेच्या वर कॅरेटं झाली. तोडणी, हमाली, बाजाराचा खर्च हे त्यातून वेगळंच. आणि एवढं करून परत चार पावलांवर ठक् झालं तर?

थोरला म्हणाला, "अण्णा, इकून टाकू. आवाज घेऊन किती दिवस फिरायचं?" दलाल येऊनही गेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, आवाज ऐकला आणि लोखंडाच्या भावाला लागून किंमत सांगितली.

पैशाचं एक झालं. दुसरी गोष्ट घाटाची होती. जून लागला की माळशेजमध्ये धुकं उतरतं, समोरचा दिवा दिसत नाही, कड्यावरून दगड-माती रस्त्यावर येते. पोरगं रात्री दहाला ६० कॅरेटं घेऊन निघायचं. खाली टोकावड्याला पोचलं की फोन करायचं, "उतरलो." तो फोन येईपर्यंत त्याची आई अंथरुणावर बसून असायची. ती मला म्हणाली, "ते कशाचं वाजतंय ते कळल्याबिगर माझं पोर घाटात जानार नाय. माल बांधावर फेका." त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. शेजाऱ्याची पिकअप कॅरेटमागं भाडं ठरवून सांगितली आणि आमची गाडी गोठ्यासमोर उभी केली. हाताशी तीन-चार दिवस होते.

माझं शिक्षण दहावी. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. पण वाजणाऱ्या वस्तूला प्रश्न कसे विचारायचे ते लहानपणी बघितलेलं आहे. आमच्या वडलांची बैलगाडी होती. चैत्र-वैशाखात लाकूड वाळतं, आकसतं, आणि चाकावरची लोखंडी धाव ढिली पडते. मग चाक बोलायला लागतं. वडील गाडीवरून उतरून चाकाशेजारनं चालायचे. चाकाच्या एका फेऱ्याला आवाज एकदा येतो का, हे ते मोजायचे. एकदा आला तर धावेचा सांधा किंवा एखादा आरा. सारखी कुरकुर असली तर आखाला वंगण नाही. चढाला येतो आणि उताराला येत नाही तर जुवाकडचं काहीतरी. ढिली धाव निघाली तर चाकं काढून रात्रभर ओढ्याच्या पाण्यात टाकायची. लाकूड फुगलं की धाव आवळायची. आवाज कुठून येतोय हे ते सगळ्यात शेवटी बघायचे. आधी कधी येतो ते ठरवायचे.

पिकअपला हीच रीत लावली. पहिल्यांदा गाडी रिकामी केली. टॉमी, जॅक, स्टेपनी, दोरखंड सगळं खाली. फाळक्याच्या कड्यांत जुनी चिंधी कोंबली. हौद्याच्या पन्हाळीत एक मोठा नट सापडला, कोण जाणे किती वर्षांपासून गडगडत होता. तो काढल्यावर गाडी पुष्कळ शांत झाली. ठक् तेवढं राहिलं, आणि सोबतीचे आवाज गेल्यामुळं आणखी ठळक झालं.

मग थोरल्याला सीटवर बसवलं. गाडी उभी ठेवून नुसतं इंजिन रेस केलं. ठक् नाही. फाउंडेशन सुटलं असतं तर इंजिन झटका खाताना वाजलं असतं, म्हणून ते मागं ठेवलं. नंतर चाकाच्या फेऱ्याचा हिशेब. मागच्या टायरवर खडूनं रेघ ओढली आणि गाडी माणसाच्या चालीनं पुढं घेतली. आमच्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्ट चारपेक्षा जास्त फेरे घेतो. शाफ्टमध्ये, बेरिंगमध्ये किंवा दात्यांत तुटकं असतं तर चालीबरोबर आवाजाला ठेका आला असता. ठेका नव्हता. निघताना एक ठक्, आणि थोरल्यानं ब्रेक दाबला तेव्हा एक ठक्. मध्ये चिडीचूप.

इथं पहिली गाठ सुटली. 'पुढं कुठंतरी' म्हणायचो तो दुसरा ठक् ब्रेकचा होता.

मग आमच्या मळ्याकडच्या उतारावर गाडी नेली. थोरल्याला सांगितलं, "गिअर काढ. क्लच नको, ॲक्सिलेटर नको. गाडी आपोआप घरंगळू दे आणि हळू ब्रेक मार." गाडी दहा-बारा पावलं घरंगळली. ब्रेक. ठक्. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. गिअर काढलेला, म्हणजे इंजिनाचा जोर शाफ्टवर नाही आणि क्राऊन-पिनियनवरही नाही. तरी आवाज आला. पस्तीस हजाराचा डिफ्रेन्शियल तिथंच माझ्या मनातून निम्मा उतरला.

आणखी एक प्रयोग केला. गाडी सपाटीवर पुढं घेतली आणि ब्रेक न मारता चढावर आपोआप थांबू दिली. मग ब्रेकला पाय न लावता, मागच्या चाकाला दगडाची उटी लावून, परत पुढं काढली. आवाज नाही. परत तसंच केलं, परत नाही. मग ब्रेक मारून थांबवली, तर थांबताना ठक्, आणि निघताना ठक्. खाली काहीतरी पुढं सरकत होतं आणि ब्रेक मारला की मागं सरकत होतं. एकदा पुढं गेलं की ब्रेक लागेपर्यंत पुढंच राहत होतं. दार आत ढकललं की एकदा वाजतं, परत ओढल्याशिवाय दुसऱ्यांदा वाजत नाही, तसलाच प्रकार.

आता कुठं, हा प्रश्न आला. लोखंडाची गंमत अशी की ते आवाज वाहून नेतं. मोटरीच्या बेरिंगला बांबूची काठी टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की आतलं सगळं ऐकू येतं, हे विहिरीवरच्या माणसाला ठाऊक असतं. गाडीची चासी म्हणजे तशी लांबलचक काठीच. मागं वाजलेलं पुढं सीटखाली ऐकू येतं आणि बसलेल्याला वाटतं, गिअरमध्येच आहे.

आमच्या शिवारातून खोडदच्या दुर्बिणी दिसतात. ४५ मीटर व्यासाची एकेक ताटली, अशा ३०. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. आकाशातल्या रेडिओ लहरी त्या टिपतात. त्या लहरी म्हणजे आपल्या कानाचा आवाज नव्हे, एवढं मला कळतं. पण एवढ्या ताटल्या इतक्या लांब लांब का ठेवल्या, याचा अर्थ त्या दिवशी गाडीशेजारी उभं राहिल्यावर जास्त पटला. एका जागी बसलेल्याला काहीतरी आहे एवढंच कळतं. नेमकी जागा धरायला लांब लांब बसलेले बरेच जण लागतात.

आमच्याकडं असे बरेच जण होते. तोडणीला घाटाकडच्या वाड्यांवरून सातआठ बाया यायच्या. सकाळी फाट्यावरून मळ्यापर्यंत आणि संध्याकाळी परत, त्या मागं हौद्यात बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यातल्या वयस्कर बाईला विचारलं, "बाई, गाडी थांबताना मागं काही वाजतं का?"

ती म्हणाली, "वाजतं का म्हंजे? रोजच वाजतंय. डाव्या अंगाला. तिथं बसलं की बूड उचलतं. म्हनून आमी समद्या उजवीकडं बसतो."

मी विचारलं, "कधीपासून?"

"टमाट्याची काठी-तार झाली तवापासून."

म्हणजे आम्हाला पुढं ऐकू येण्याच्या महिनाभर आधीपासून.

थोरला म्हणाला, "मावशी, मग बोलायचं नाय का?"

ती म्हणाली, "मिस्त्री पुढं बसतो. वाजतं मागं. आमाला कोन इचारतंय?"

मागचं डावं चाक ठरलं. मी घरातनं सुतळी आणली. स्टिअरिंग सरळ धरून उजवीकडं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत सुतळी ताणली आणि गाठ मारली. तीच सुतळी डावीकडं लावली. गाठ मध्यापर्यंत पोचली नाही, बोटभर कमी पडली. पुन्हा मोजलं, तेवढंच. डावं मागचं चाक जागा सोडून मागं गेलं होतं. थोरला तेव्हा म्हणाला, "तरीच. गाडी उजवीकडं ओढती. मला स्टिअरिंग जरा डावीकडं दाबून धरावं लागतं. मला वाटलं टायर झिजलंय." त्याचा धागाही आता याच सुतळीला येऊन जुळला.

जॅक लावला, खाली लाकडी ओंडके दिले, मग बॅटरी घेऊन आत शिरलो. जॅकच्या एकट्याच्या भरवशावर गाडीखाली कुणी जाऊ नये. डाव्या पाट्यांच्या मध्यावर, जिथं यू बोल्टनं पाटे आणि ॲक्सल एकत्र आवळलेले असतात, तिथं नटाभोवती हळदीकुंकू सांडावं तशी तांबडी भुकटी होती. दोन लोखंडं एकमेकांवर घासली की अशी गंजाची भुकटी पडते. तिच्याशेजारी आरशासारखा चकाकणारा एक पट्टा होता. बाकी सगळं चिखलानं काळं, तेवढाच पट्टा उजळ. पान्यानं नट धरला तर जोर न लावता फिरला.

मी हात लावून पुढं काही केलं नाही. आळेफाट्याजवळ नुसतं पाट्यांचंच काम करणारा एक जुना कारागीर आहे. गाडी रिकामी, बैलाच्या चालीनं तिथपर्यंत नेली. त्यानं यू बोल्ट सोडवले, जॅकनं चासी उचलली आणि पाट्यांच्या पोटात बोट घालून एक तुकडा बाहेर काढला. सेंटर बोल्टचं डोकं. बोल्ट कापल्यासारखा तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुना, काळा पडलेला आणि अर्धा ताजा.

त्यानं समजावून सांगितलं ते असं. सगळे पाटे मधोमध एका बोल्टनं ओवलेले असतात. त्या बोल्टचं डोकं खाली ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं, जात्याच्या खुंट्यासारखं. ते ॲक्सलला जागा दाखवतं. पण जोर पेलायचं काम यू बोल्टचं. यू बोल्ट घट्ट असतील तर पाटे आणि ॲक्सल एकजीव राहतात. ते ढिले पडले की निघतानाचा आणि ब्रेकचा सगळा धक्का त्या एका बोटाएवढ्या बोल्टवर येतो. तो किती दिवस टिकणार? आणि यू बोल्ट ढिले का पडले, तेही त्यानं दाखवलं. पाटा वाढवला तेव्हा जाडी वाढली, पण यू बोल्ट जुन्याच लांबीचे ठेवले. नटाला निम्मेच आटे मिळाले. वरून बघणाऱ्याला नट बसलेला दिसतो, आत धरलेला असतो अर्धा.

"उजवीकडं पन तेच हाय," तो म्हणाला. "ते अजून तुटलं नाय एवढंच."

थोरल्यानं विचारलं, "घाटात काय झालं असतं?"

कारागिरानं पाना खाली ठेवला. "उतारावर भरल्या गाडीला जोरात ब्रेक मारला असता, तर एका अंगानं ॲक्सल अजून मागं सरकला असता. मागची चाकं एकीकडं, पुढची दुसरीकडं. मग शाफ्ट निसटला असता नायतर गाडी आडवी. दोन्हीत तुमी वरचे वर नसता." एवढं बोलून त्यानं पोराला चहा सांगायला पाठवलं. थोरला बराच वेळ ते तुटकं डोकं हातात फिरवत बसला होता.

दोन्ही बाजूंचे सेंटर बोल्ट नवे, चारही यू बोल्ट पुरेशा लांबीचे नवे, नट नवे, मजुरी धरून तीन हजारांच्या आत काम झालं. पण त्यानं जाताना जे सांगितलं ते कामाइतकंच मोलाचं होतं. "नवं आवळलं म्हंजे झालं असं नाय. माल भरला की पाटे दाबून बसतात आन् नटाला जागा होती. दोन-तीनशे किलोमीटर भरल्या मालावर चालवा आन् परत आवळून घ्या." जुनं माणूस नवी धाव बसवल्यावर आठवड्यानं चाक परत बघायचं, ते मला आठवलं.

परत येताना थोरल्यानं मुद्दाम चार वेळा ब्रेक मारला. काही वाजलं नाही. सुतळी दोन्ही अंगांना सारखी आली. त्या आठवड्यात कल्याणच्या दोन खेपा झाल्या आणि आम्ही नट परत तपासले, तर प्रत्येक नट पाव फेरा फिरला. तो पाव फेरा राहिला असता तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दलालाला निरोप धाडला, गाडी विकायची नाही.

क्रॉस बदलणारा, बुश टाकणारा, प्ले दाखवणारा, तिघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते. जुन्या गाडीत जिथं हात घालाल तिथं काहीतरी झिजलेलं सापडतंच. पण झिजलेलं सापडलं म्हणजे वाजणारं सापडलं असं होत नाही. माणसाच्या दुखण्यातही असंच होतं. सत्तरीच्या माणसाच्या अंगात दहा गोष्टी बिघडलेल्या निघतात, आणि दुखत असतं अकरावंच. ते कधी दुखतं, बसताना की उठताना, जेवणाआधी की नंतर, हे आधी विचारावं लागतं. आणि ते सांगणारं माणूस दर वेळी पुढच्या सीटवर बसलेलं असेलच असं नाही.

आता दर पंधरवड्याला थोरला आपणहून पाना घेऊन गाडीखाली जातो. तोडणीच्या दिवसांत फाट्यावर बाया गाडीत चढल्या की दार लावायच्या आधी मागं जाऊन फाळक्याला हात टेकवून विचारतो, "मावशी, मागं काय वाजतंय का?"

ती वयस्कर बाई अजून येते. आता ती डाव्या अंगाला बसते.